कॉइल कोणी भाजली

आमची गाडी आबांच्या हातात पळायची आणि माझ्या हातात बंद पडायची. हे माझं म्हणणं नाही. हे माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी गल्लीतल्या दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. "पोरगी हुशार हाय, पण ह्या गाडीला बाईमाणसाचा हात मानवत न्हाय," असं ते डोळे अर्धवट मिटून, वैद्यानं नाडी बघून सांगावं तसं सांगायचे. इस्त्रीवाला मान हलवायचा. त्याच्याकडे स्वतःची सायकलसुद्धा नव्हती.

आबा जिल्हा कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. एरवी ते पक्कं कोल्हापुरी बोलायचे, पण खोटं बोलायची वेळ आली की त्यांच्या तोंडून कचेरीतलं शुद्ध मराठी बाहेर पडायचं. "सदर बाब माझ्या निदर्शनास आलेली नाही," असं त्यांनी म्हटलं, की आई न बोलता साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवायची.

गाडी पांढरी, गोल दिव्यांची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, रस्त्यावर नव्या गुळगुळीत गाड्या दिसू लागल्या होत्या आणि आमची त्यांच्यात लग्नाला आलेल्या जुन्या आत्याबाईसारखी दिसायची. पण मला ती फार आवडे. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि जयसिंगपूरच्या एका कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, मराठीचे तास घ्यायला जायचे. पगारातला किती भाग पेट्रोलमध्ये जातो हे मी घरात कधी सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. त्या तासाभराच्या रस्त्यावर मी खिडकीतून कोपर बाहेर काढून बसायचे, उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या द्यायचे आणि शिरोलीचा पूल ओलांडला की वर्गात जे शिकवायचं ते गाडीला आधी शिकवून बघायचे. गाडी कधी जांभई देत नसे.

बंद मात्र पडायची. जायच्या वाटेवर हातकणंगल्याच्या पुढे केव्हातरी आधी दोन-तीन आचके, मग इंजिनाचा आवाजच गायब. गाडी आपली घरंगळत कडेला. मी बॉनेट उघडून उभी राहिले, की कुठून कोण जाणे, पाच मिनिटांत चार तज्ज्ञ जमायचे. सगळ्यांचं निदान एकच, पेट्रोलचा पंप तापलाय. पंपावर ओलं फडकं टाकायचं, अर्धा तास थांबायचं, तोवर माझं गाव, माझं शिक्षण आणि माझं लग्न का झालं नाही, याची चौकशी व्हायची. अर्ध्या तासानं चावी फिरवली की गाडी पहिल्या झटक्याला सुरू. तज्ज्ञ खूश. कॉलेजात माझा तास बुडालेला.

असं तीन वेळा झालं. तिन्ही वेळा गाडी शाहूपुरीतल्या आमच्या मेस्त्रींकडे गेली. पत्र्याच्या शेडमध्ये काम करणारा हा पन्नाशीचा माणूस गाडीशी एकेरीत आणि माणसांशी अहो-जाहोत बोलायचा. "काय गं, काय झालंय तुला?" असं आधी बॉनेटला विचारणार, मग आमच्याकडे वळून "बसा की साहेब." त्यांनी पंप खोलला, पंपातला पडदा बदलला. प्लग बदलले. पॉइंट घासले. दर वेळी रेल्वे फाटकापर्यंत चक्कर मारून आले आणि म्हणाले, "एक नंबर."

चौथ्या वेळी गाडी बंद पडली ती परीक्षेच्या दिवशी. मी तमदलग्याजवळ रस्त्याच्या कडेला, प्रश्नपत्रिका माझ्या पर्समध्ये आणि चाळीस मुलं जयसिंगपुरात कोऱ्या कागदाकडे बघत. त्या संध्याकाळी आईनं निकाल दिला. आई आमच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय, तिच्यापुढे अपील नाही.

"मंगळवारपासनं यष्टीनं जायचं. गाडीला हात लावायचा न्हाय."

"अगं पण गाडीत काहीतरी बिघाड आहे."

"मग आबांच्या हातात बिघाड कसा होत न्हाय?"

आबा पेपरमागून म्हणाले, "तेच मी म्हणतोय की."

मी त्या रात्री रडले असं सांगायला मला आवडलं असतं, प्रसंगाला शोभलं असतं. प्रत्यक्षात मी चिडून दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आणि खाता खाता डोक्यात एक हिशेब जुळला. दुसऱ्या दिवशी मी एकटीच मेस्त्रींच्या शेडमध्ये गेले. ते एका जीपच्या खाली होते, फक्त पाय दिसत होते. मी पायांशी बोलायला सुरुवात केली.

"मेस्त्री, गाडी दुरुस्त केल्यावर तुम्ही कुठवर नेऊन बघता?"

"फाटकापातूर." पाय हलले.

"आबा कुठवर नेतात?"

"हितं बाजारात. न्हायतर रविवारी कळंब्याला, तळ्यावर चालायला जात्यात."

"कळंब्याला किती वेळ लागतो?"

"पंधरा मिनटं."

"आणि माझी गाडी कुठं बंद पडते?"

"हातकणंगल्याच्या म्होरं..." पाय थांबले. मग जीपखालून आख्खे मेस्त्री बाहेर आले आणि पान्हा हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. "पाऊण तास. ताई, आम्ही तिला कधी नीट तापूच दिली न्हाय की."

म्हणजे प्रश्न बाईमाणसाच्या हाताचा नव्हता, घड्याळाचा होता! मला तिथल्या तिथे जीपभोवती फेर धरावासा वाटला. पण मेस्त्रींना नुसती शंका पुरत नाही, त्यांना गाडी मेलेली हवी होती, गरम गरम. सगळा दोष अर्ध्या तासात थंड होऊन पसार होतो, मग हातात काय राहतं? तेव्हा ठरलं असं, की येत्या रविवारी दुपारी मी गाडी चालवायची, मेस्त्री शेजारी बसणार आणि आबा मागे. साक्षीदार म्हणून. मी घरी येऊन सांगितलं, "रविवारी मी चालवतो, तुम्ही दोघं बसा." (आमच्याकडे मुलीसुद्धा चालवतो, जातो, येतोच म्हणतात. कॉलेजात मराठी शिकवणारीसुद्धा घरात तेच.) आईनं या शेवटच्या सुनावणीला मंजुरी दिली. आबा तेवढे कुरकुरले, "माझं रविवारचं चालणं बुडंल." डॉक्टरांनी त्यांना दीड वर्षापूर्वी साखरेपायी रोज चालायला सांगितलं होतं. रोज नाही, पण रविवारी दीड तास ते न चुकता कळंब्याला जात, आणि आईला याचं फार कौतुक होतं.

रविवार उजाडला. आबा मागच्या सीटवर मधोमध बसले, दोन्ही हात पुढच्या सीटांवर, जणू दोरखंड धरलेत. मी चावी फिरवली आणि जन्मात पहिल्यांदा मनात म्हटलं, बाई गं, आज बंद पड. माझी सगळी अब्रू तुझ्या बंद पडण्यावर आहे.

गाडी अशी पळाली म्हणून सांगू! शिरोली गेली. हेर्ले गेलं. चोकाक गेलं. इंजिन गवयाच्या षड्जासारखं एका सुरात. मागून आबा दर गावाला हजेरी घेत होते, "चोकाक आलं. चाललीय की."

"आबा, जरा गप्प बसा."

"मी कुठं काय म्हणतोय? चाललीय, एवढंच म्हणतोय."

हातकणंगल्याचा फाटा गेला. मेस्त्री खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला माझी यष्टी दिसू लागली. मंगळवार सकाळ, उभ्यानं प्रवास, कोणाची तरी कोंबड्यांची पाटी माझ्या पायांवर. मी गिअर मुद्दाम दुसऱ्यावर ठेवून गाडी जरा ओढायला लावली. मेस्त्री न बघता म्हणाले, "ताई, लबाडी नको."

आणि मग आला. एक आचका. दुसरा आचका. मी "आला!" म्हणून ओरडले. तिसरा आचका, आणि शांतता. गाडी घरंगळत उसाच्या शेताच्या कडेला उभी राहिली. दोन्ही हात वर करून मी टाळ्या वाजवत होते. बंद पडलेल्या गाडीत टाळ्या वाजवणारी बाई त्या रस्त्यानं आधी पाहिली नसावी, कारण मोटरसायकलला किटल्या लावून चाललेला एक दूधवाला लगेच थांबला.

"काय ओ पावणं, काय झालंय?"

"बंद पडली," मी आनंदानं सांगितलं.

त्यानं आत वाकून पाहिलं. "पंप तापलाय. वल्लं फडकं टाका."

"बघा!" आबा मागून गरजले. "सगळी दुनिया पंप म्हणतीया."

मेस्त्री तोवर बॉनेट उघडून उभे होते. "पंपाला आज कुणीबी हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. "पावणं, तुमी दुधाचं बघा. गाडीचं मी बघतो."

मग त्यांनी जे केलं ते मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. इंजिनाच्या बाजूला मुठीएवढ्या जाडीचा एक काळा डबा असतो, त्याला कॉइल म्हणतात. बॅटरीचा बारा व्होल्टचा किरकोळ करंट ती हजारो व्होल्टचा करते आणि प्लगांना ठिणगीसाठी पाठवते. मेस्त्रींनी तिच्यावर तळहात ठेवला आणि तव्यावर ठेवल्यासारखा मागे घेतला. "आयला!" मग कॉइलवरून निघालेली मधली जाड वायर दुसऱ्या टोकाला उपटली, एका फडक्यात धरली आणि तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून बोटभर दूर धरून मला म्हणाले, "मारा चावी."

मी चावी मारली. सगळे वाकून बघत होते, दूधवाला सगळ्यात पुढे. वायरीच्या टोकावर एक पिवळट, मरतुकडी ठिणगी आली, नाही आली, असं झालं.

"निळी पायजे," मेस्त्री म्हणाले. "कड कड वाजली पायजे. ही बघा, विझत्या काडीगत हाय. साहेब, रुमाल द्या."

"कशाला?"

"द्या की."

आबांचा रुमाल म्हणजे चार घड्यांचा, कडक इस्त्रीचा. तो उसाच्या पाटात बुचकळला गेला तेव्हा आबांनी मान फिरवली. मेस्त्रींनी तो पिळून कॉइलच्या पोटाला गुंडाळला, वरचं टोक मात्र कोरडं ठेवलं. पंप तसाच, कोरडा, तापलेला, कोणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोनदा रुमाल पुन्हा ओला केला. पाच मिनिटं झाली असतील, मेस्त्रींनी वायर परत तशीच धरली. "मारा."

कड! निळी! कड कड कड! दूधवाल्यानं मागे उडी मारली. वायर जागेवर बसवली, आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू.

"पंप तापलेलाच हाय," मेस्त्री आबांना म्हणाले, "तरी चालू झाली. आता बोला. पंपाची चूक न्हाय, ताईंची चूक न्हाय. माझी चूक हाय, मी तीन वेळा थंड गाडी तपासली. कॉइल तापली की आत करंट गळतोय." त्यांनी बोट दाखवलं. कॉइलच्या डोक्याजवळ काळं तेल पाझरून वाळलं होतं. "आणि ही आपोआप अशी व्हत न्हाय. हिला कुणीतरी भाजलीय."

"भाजली म्हणजे?" मी विचारलं.

"इंजिन फिरताना हिचा करंट उघडझाप, उघडझाप होत असतोय. इंजिन बंद ठेवून चावी तेवढी चालू ठेवली, आणि करंट तोडणारे आतले पॉइंट जुळून बसले असले, की करंट एकसारखा वाहतोय. मग ही चुलीवर ठेवल्यागत शिजती. एकदा दोनदा न्हाय. लई वेळा केलंय कुणीतरी. चावी चालू, इंजिन बंद, तास तास."

मी मागे वळून पाहिलं. आबा दूधवाल्याची किटली निरखत होते.

आमच्या गाडीत टेप होता. तो आबांनी असा जोडून घेतला होता, की चावी चालू केल्याशिवाय वाजायचा नाही, म्हणजे चुकून चालू राहून बॅटरी उतरायला नको. त्यात नाट्यगीतांच्या कॅसेटी. आणि मंगळवारी मी गाडीत बसले की कॅसेट नेहमी शुक्रवारपेक्षा वेगळ्या जागी थांबलेली असे.

"आबा," मी म्हटलं, "कळंब्याला तुम्ही नक्की काय करता?"

आबांनी घसा साफ केला. "सदर ठिकाणी मी व्यायामाच्या हेतूनं..."

"आबा!"

"गातो," ते म्हणाले. अगदी बारीक आवाजात. "काचा वर करतो, टेप लावतो आणि गातो. मग टेप बंद करून अर्धा तास डुलकी काढतो. घरात गाऊ देता व्हय तुमी?"

हे खरं होतं. आबांचा आवाज मोठा होता आणि सुरांशी त्याचं जुनं वैर होतं. आईनं घरातलं गाणं बंद केलं होतं, शेजारच्या कुत्र्याचं कारण देऊन. मला एकदम ते दृश्य दिसलं. तळ्याच्या काठाला उभी पांढरी गाडी, चारी काचा बंद, आत हात उंचावून तान घेणारे आबा. बाहेरून जाणाऱ्याला वाटत असेल, हा म्हातारा एकटाच कोणाशी तरी कडाक्याचं भांडतोय. मला एवढं हसू आलं की मी बॉनेटला धरून उभी राहिले. मेस्त्री हसले. दूधवाल्याला काही कळलं नव्हतं, तरी तो सगळ्यात मोठ्यानं हसला.

परत येताना दोनदा थांबून रुमाल ओला करावा लागला. शाहूपुरीत पोचलो तर स्पेअर पार्टचं दुकान उघडं होतं, आमच्याकडे सुट्टी सोमवारची. मेस्त्री नवी कॉइल बसवायला लागले आणि आबांनी मला शेजारच्या उसाच्या रसाच्या गाड्यावर नेलं. आबा स्वतःहून रस पाजताहेत म्हटल्यावर मी सावध झाले.

"आईला सांगायचं, कॉइल जुनी झालेली. वयानं गेली," ते म्हणाले.

"मग आई म्हणेल, गाडीच वयानं गेलीय. पोरीला तसल्या गाडीतनं पाठवायचं न्हाय."

आबांनी विचार केला. "माझ्या हातनं गेली म्हणून सांगू. नुसतं तेवढंच."

"कशी गेली म्हणून विचारेल."

"लई विचारती," आबा खिन्नपणे म्हणाले.

"आबा, तुम्ही खरं सांगा, न्हायतर मी मंगळवारी यष्टीनं जातो. मी तुमचं नाव घेणार न्हाय." हे मी अत्यंत करुण आवाजात म्हणाले. मनात मला माहीत होतं, की ते असं ऐकल्यावर रसाचा दुसरा ग्लास मागवतील. त्यांनी मागवला. साखर न घालता, असं रसवाल्याला बजावलं. रसवाला त्यांच्याकडे बघत राहिला.

घरी आई कट्ट्यावर मेथी निवडत होती. "काय झालं?"

आबा उभे राहिले आणि विजेविषयी बोलू लागले. करंट म्हणजे काय, तो उघडझाप का होतो, पॉइंट म्हणजे काय. शुद्ध मराठीत. आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचं मराठी गळून पडलं.

"मी भाजली," ते म्हणाले. "कॉइल. कळंब्याला बसून टेप लावत होतो. पोरीची काय चूक न्हाय."

"बसून?"

"गाडीत."

"म्हंजे दीड वर्ष तुमी चालला न्हाईत?"

"पहिल्या रविवारी चाललो."

"आणि दीड दीड तास नुसतं बसून?"

"नुसतं न्हाय. गात होतो." आबा, मला अजून कळत नाही का, पुढचंही बोलून गेले. "आणि भडंग खात होतो."

मी डोळे मिटून घेतले. गाणं एक वेळ पचलं असतं.

आईनं मेथीचे हात पदराला पुसले. मग उठली, दाराजवळच्या खिळ्यावरची गाडीची चावी काढली आणि माझ्या हातात दिली. "गाडी ह्यांनी भाजली आणि गल्लीत नाव पोरीचं," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः इस्त्रीवाल्याकडे गेली, कपडे न घेता, आणि काय सांगितलं कोणास ठाऊक, पण तेव्हापासून तो मला बघितलं की खुर्ची पुढे करायचा.

मंगळवारी मी गाडी बाहेर काढली तेव्हा आबा पांढरे कॅनव्हासचे बूट घालून घराच्या फाटकाशी उभे होते. नवा हुकूम असा होता, की रोज सकाळी चालायचं, कळंब्यापर्यंत, पायी. आई दारात उभी.

"सोडू का वाटेत?" मी विचारलं. माझी वाट बरोबर उलट्या दिशेला होती, पण विचारायला काय जातं?

"नको, नको," आबा घराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "मी चालतच जाणार!" मग काचेशी वाकले आणि ओठ न हलवता पुटपुटले, "कोपऱ्यावर थांब."

मी मान डोलावली. गाडी पहिल्यात टाकली, कोपऱ्यावर आले, आरशात बघितलं. आबा झपझप येत होते, एक हात वर करून, गेल्या दीड वर्षात चालले नसतील तेवढे भरभर. माझा तास साडेदहाचा होता. मी दुसरा गिअर टाकला.